डांबरीवरून न आलेली माणसं

विलास,

तू मेलास म्हणून मी आता गप्प बसेन असं तुला वाटत असेल, तर तुला तुझी बहीण कळलीच नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलू देत. लोकांचं काय जातं? यायचं, सतरंजीच्या कडेला टेकायचं, "लई चांगला माणूस होता" म्हणायचं, चपला हुडकायच्या आणि निघायचं. मी तुला कडेवर घेऊन हिंडलेय, तुझं नाक माझ्या परकराला पुसलंय. मला तुझ्याबद्दल चांगलं बोलायची काही गरज नाही.

माझं भांडण रस्त्याचं आहे. कुठला ते तुला माहीत आहे. देव्हाऱ्यातल्या कवड्यांच्या माळेवर हात ठेवून तू मला शब्द दिला होतास, की तो रस्ता आपल्या दोघांतच राहील. आणि तुझ्या दहाव्याला नदीवर मी जे बघितलं, त्यानं माझं रडणंच थांबलं. सख्ख्या भावाच्या दहाव्याला बहिणीचं रडणं थांबावं, असं काम फक्त तूच करू शकतोस.

पण पहिल्यापासून सांगते. रागाच्या भरात मी शेवटचं आधी सांगते, असं तू मला नेहमी बोलायचास.

मला सायकलवर तूच बसवलंस. रक्तात साखर निघाली, डॉक्टर म्हणले रोज चाला. मी म्हणले, डॉक्टर, मी एसटीत कंडक्टर आहे, भूमपासून उमरग्यापर्यंत उभ्यानं जाते, आणखी किती चालू? तू बाहेर बाकावर बसला होतास, तिथून हसलास. पुढच्या आठवड्यात पुण्याहून जाड टायरच्या दोन सायकली घेऊन दारात हजर. एक तुला, एक मला. मी म्हणले, "पन्नाशीच्या बाईला सायकल? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" शेजारणी गॅलरीतून बघत होत्या. तू त्यांच्याकडं बघून हात केलास, वर मला म्हणलास, "बघू दे की, अक्का. त्यांना बघायला दुसरं आहे काय?"

पहिल्याच दिवशी बायपासवर एका ट्रकनं कानाशी हॉर्न वाजवला आणि मी सायकलसकट नालीत. तू मला उठवायच्या आधी पोटभर हसून घेतलंस, तेही माझ्या लक्षात आहे. तिथंच नालीत बसून मी तुला सांगितलं. आठवडाभर मी हॉर्न ऐकते, डिझेल हुंगते, सीटवरून लोकांची भांडणं सोडवते. सुट्टीच्या दिवशीही तेच करायचं असेल तर मी घरी पडून राहते. मला गाडी नसलेला रस्ता दाखव, नाहीतर ही तुझी सायकल घेऊन जा.

"गाडी नसलेला रस्ता," तू म्हणलास आणि डोळे बारीक केलेस. तू डोळे बारीक केलेस की घरात काहीतरी महागात पडतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तुझं ठिबकचं दुकान. आसपासच्या शिवारात तू स्वतः पाइप पोचवलेले. कुठल्या दोन बांधांच्या मधून बैलगाडीची पाणंद जाते, कुठली पाणंद मधेच उसात शिरून संपते, कुठं ओढा आडवा येतो, सगळं तुला तोंडपाठ. म्हणजे तुझ्या मते तोंडपाठ. निम्म्या वेळा आपण कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन निघायचो. मग तू मोबाइल आभाळाकडं धरून रेंज शोधायचास आणि तेवढ्यात बांधावरून कुणीतरी काठी घेऊन यायचा.

"पवनचक्कीवाले का?"

दर वेळेस हाच प्रश्न. आपल्याकडं बांधावर मोबाइल घेऊन उभा राहणारा माणूस एकतर पवनचक्कीवाला, नाहीतर सोलरवाला, नाहीतर जमिनीचा दलाल. मी सांगायचे, आम्ही सायकल चालवायला आलोय. कुणाला पटायचं नाही. एका म्हाताऱ्यानं तर आपल्याला लिंबाखाली बसवून पाणी दिलं, मग जवळ सरकून हळूच म्हणला, "खरं सांगा, कुठनं कुठवर जातंय तुमचं काम?" तू म्हणलास, "काका, देवाशपथ, नुसती सायकल." तो तुला वरखाली बघून म्हणला, "दुकान चालत न्हाय व्हय?" ढोकीच्या अंगाला त्या नामदेवकाकांनी मात्र बोलायचं कामच ठेवलं नाही, सरळ कुत्रं सोडलं. मी त्या दिवशी जेवढ्या जोरात सायकल चालवली तेवढी पुन्हा कधी चालवली नाही.

डोंगरामागची वाट सापडली तेव्हा मला वाटलं, संपलं शोधणं. मुरमाची वाट, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ज्वारी. आठवतं, आपण पहिल्यांदा तिथं थांबलो तेव्हा मला वाटलं माझे कान बिघडलेत. एवढं शांत मी कधी ऐकलंच नव्हतं. आणि तू काय केलंस? घरी येऊन चहा प्यायच्या आधी ती वाट मोबाइलवर टाकलीस. फोटोसकट. "धाराशिवजवळचा स्वर्ग." स्वर्ग म्हणे! आता तिकडंच आहेस, बघ कसा वाटतो.

महिनाभर सायकली आल्या. मग मोटारसायकली. मग लग्नाआधीचे फोटो काढणारे आले, जीपमध्ये नवरा, नवरी, छत्र्या आणि धूर सोडायचं यंत्र घेऊन. बाटल्या पडायला लागल्या. आणि एका सकाळी सखूबाईचं कोकरू जीपखाली गेलं.

सखूबाई तिथं मेंढरं घेऊन रोज यायची. ती रडली नाही, ओरडली नाही. कोकराला पदरात घेऊन दगडावर बसली आणि तुझ्याकडं बघत राहिली. कारण तूच तिला सांगितलं होतंस, मावशी, आता तुमच्या वाटेला चांगले दिवस येणार. तुझं तोंड त्या दिवशी एवढंसं झालं होतं. पुढच्या आठवड्यात शेतमालकानं वाटेवर आडवा चर खोदला, वर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. वाट मेली. सायकलला पण, मेंढरांना पण.

त्याच संध्याकाळी मी तुला देव्हाऱ्यापुढं उभं केलं आणि माळेवर हात ठेवायला लावला. पुढचा रस्ता सापडला तर कुणाला सांगणार नाही. तू म्हणलास, "कुणालाच नाही?" मी म्हणले, "तुझ्या सावलीला पण नाही." तू हात ठेवलास. तुझी मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बघितलंय.

आणि मग तो सापडला. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे, आणि हे मी रागातच लिहितेय. शहराकडेच्या खदानीमागून पाणंद, पाणंदीतून जुन्या छोट्या रेल्वेचा भराव. रूळ कधीच गेले, लाकडं लोकांनी चुलीला नेली, पण खाली खडी तशीच. ओढ्यांवरच्या मोऱ्या पडलेल्या, त्यामुळं चारचाकी चढूच शकत नाही, मोटारसायकल पण अडते. सायकल खांद्यावर घ्यायची, खाली उतरायचं, पलीकडं चढायचं. भराव संपला की बोरीच्या झाडांतून थेट तेरणेच्या काठावर. एवढ्या सगळ्यात एकदाच डांबरी सडक ओलांडायची. ओलांडताना तू दोन्ही कानांत बोटं घालायचास, मला हसवायला.

त्या भरावावर मी काय काय बोलले तुझ्याशी. डेपोतलं, घरातलं, ह्यांच्या दारूचं, जे मी आईलाही सांगितलं नव्हतं. तू मागं असायचास, "हं" म्हणायचास. शहरात कुणी एवढं ऐकून घेत नाही. तिथं तित्तर ओरडायचे आणि तू ऐकायचास.

येळवशीला, त्या वेळ अमावस्येला, केलेला वेडेपणा आठवतो का? तुझीच अक्कल. म्हणे येळवशीला सगळं शहर शेतात जातं, बाजार बंद, रस्ते ओस, आपण पूर्ण रस्ता एका दमात मारू. अरे, शहर शेतात जातं म्हणजे आपल्याच वाटेवर येतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही! प्रत्येक रानात कडब्याची कोप, प्रत्येक कोपीतून कुणीतरी पळत यायचं. "ओ पाव्हणं, तसं जायाचं न्हाय!" पहिल्या रानात भज्जी आणि बाजरीचे उंडे. दुसऱ्या रानात पुन्हा तेच, वर तांब्याभर आंबील. तिसऱ्या रानात मी हात जोडले, तर त्या घरची म्हातारी म्हणली, "त्येंच्याकडं खाल्लं आन आमचं कडू हाय व्हय?" चौथ्या रानात तू कोपीच्या सावलीला आडवा झालास आणि घोरायला लागलास. दिवस कलल्यावर आपण दोन्ही सायकली हातात धरून चालत परत आलो, बसता येईना म्हणून. मी एवढी हसले नव्हते रे कधी. लग्नातही नाही.

आणि तेव्हाच, पोट धरून हसता हसता, तू पुन्हा भांडण काढलंस. "बघ अक्का, ही माणसं वाटेनं जाणाऱ्याला ओढून जेवायला घालतात, आणि तू वाटच लपवून ठेवतीस."

मी म्हणले, "जेवायला घालणं वेगळं आणि घराची किल्ली देणं वेगळं."

"न चाललेली पाणंद दोन पावसाळ्यांत शेतात जाते. ह्या बाजूनं नांगराचं एक तास आत, त्या बाजूनं एक तास आत. मग एक दिवस आपण येऊ आणि इथं सोयाबीन असंल. पायाखाली राहिला तरच रस्ता राहतो."

"आणि चाकाखाली आला की कोकरू मरतं. सखूबाईला विचार."

तू गप्प झालास. मला वाटलं मी जिंकले. आता कळतंय, तू गप्प बसलास ते मला कटवायला.

गेल्या काही महिन्यांत तू मागं पडायला लागलास. मोरीपाशी सायकल खांद्यावर घ्यायच्या आधी उगाच बूट बांधत बसायचास. मी पुढून ओरडायचे, "चल की म्हाताऱ्या, का डबलसीट नेऊ?" तू हसायचास आणि म्हणायचास, "तू हो पुढं, मी फोटो काढतो." कसले फोटो? तुझ्या मोबाइलमध्ये एक फोटो नाही निघाला.

मग त्या सोमवारी सकाळी दुकानात, पाइपच्या बंडलावर बसल्या बसल्या तू गेलास. समोरच्या चहावाल्याला वाटलं डुलकी लागली. चहा ठेवून गेला. पुन्हा कप न्यायला आला तर चहा तसाच.

मी ड्युटीवर होते. भर गर्दीत मोबाइल वाजला. मी तिकिटं अर्धी टाकून मधेच उतरले आणि पहिल्यांदा नोकरीत रस्त्यावर उभी राहून दुसऱ्याच्या गाडीला हात केला. पुढचं लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी तुझे सायकल क्लबवाले आले. सगळे एकाच रंगाचे बनियन घालून. त्यांचे अध्यक्ष म्हणले, "अक्का, विलासभाऊंच्या नावानं स्मृती राईड काढतो. भव्य. पुढं जीप, स्पीकर, ठिकठिकाणी फ्लेक्स. फक्त ते म्हणायचे तो रस्ता कुठला, तेवढं सांगा. तुम्हालाच माहीत आहे म्हणायचे." मी म्हणले, "पुढं जीप घालून सायकल कशाला चालवायची? जीपच चालवा की." मंदानं मला कोपर मारलं. मी म्हणले, मार. अजून मार. मी नाही सांगणार.

आता तुझा दहावा.

तेरणेच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोर बाभळीवर बसलेले, चांगले सात-आठ, पण एक खाली उतरेना. गुरुजी घड्याळ बघायला लागले. आपले काका म्हणले, "दुकान बंद पडू देणार नाही." कावळा हलला नाही. मामा म्हणले, "पोरीचं लग्न आम्ही करू." हलला नाही. मग ते अध्यक्ष पुढं आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणले, "अक्का, तुम्ही म्हणा. रस्ता सगळ्यांना खुला करीन म्हणा. भाऊंचा जीव त्यातच अडकलाय."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आपली मावशी म्हणली, "म्हण गं. तोंडानं म्हणायला काय जातंय?"

मी म्हणले, "नाही म्हणणार."

"अगं, मेलेल्या भावाशी असं वागतात का?"

"जिवंत होता तेव्हापण हेच सांगितलं होतं. मेला म्हणून रस्त्यावर जीप चालायला लागेल का?"

गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. तुला मी गवताच्या कावळ्यावर घालवलं, विलास. मावशी माझ्याशी अजून बोलत नाही. तूही बोलणार नाहीस. हरकत नाही.

आणि त्याच वेळी मला बोरीच्या झाडांतून माणसं येताना दिसली. आपले सगळे पाहुणे डांबरीवरून आले होते, गाड्या वर उभ्या होत्या. ही माणसं डांबरीवरून आली नव्हती. ही भरावावरून येत होती. एक दूधवाला, कॅन काढून ठेवलेली काळी सायकल घेऊन. वाडीवरच्या शाळेतल्या बाई, पँटला रबर लावलेल्या. तुझा नेहमीचा न्हावी. एक पोटसुटे गृहस्थ, मागून कळलं रिटायर हवालदार आहेत. आणखी चार-पाच जण. सगळ्यांच्या सायकलींना आपल्याच खदानीचा पांढरा मुरूम लागलेला. आणि सगळ्यांत मागं, मोरीतून सायकल खांद्यावर घेऊन चढणारे, धोतर खोचलेले नामदेवकाका. कुत्रं सोडणारे नामदेवकाका!

ती माणसं एकेक करत काठावर येऊन थांबली आणि एकमेकांकडं बघायला लागली. शाळेतल्या बाई दूधवाल्याला म्हणल्या, "तुम्हाला पण?" तो न्हाव्याकडं बघून म्हणला, "मला वाटलं एकट्यालाच." प्रत्येकाला वाटत होतं, रस्ता विलासभाऊला, अक्काला आणि आपल्याला, एवढ्याच तिघांना माहीत आहे. तू एकेकाला नेलंस. एकेकट्याला, माझ्या ड्युटीच्या दिवशी. आणि प्रत्येकाकडून शपथ घेतलीस. वा रे वा!

मी तिथंच नामदेवकाकांना धरलं. "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"दोन वरसं झाली असत्याल," ते खाली बघत म्हणले. "विलासभाऊ म्हणले, काका, अक्काला कळू दिऊ नका, ती मला नदीत बुडवंल."

"बुडवलंच असतं!"

"व्हय. म्हणून तर न्हाय सांगितलं."

मग सखूबाई आली, चालत, काठी टेकत. सगळ्यांत आधी तू तिलाच दाखवला होतास म्हणे. कोकरू गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात, मेंढरांना वाट पाहिजे म्हणून. म्हणजे मी शपथ घातल्यावर महिनाभरसुद्धा तुला दम निघाला नाही. तिनं माझा हात धरला आणि म्हणली, "अक्का, राग धरू नगा. त्येंच्या छातीत दुखायचं. सोलापूरच्या डाक्टरनं आपरेशन सांगितलं हुतं. ते म्हणले, मावशी, म्या नसलो तरी अक्का थांबायची न्हाय, एकटीच यील भरावावर. तवा तिच्यावर जरा ध्यान ठिवा. ह्यास्नी बी तसंच सांगितलं असंल. म्या लांबनं बघत ऱ्हाईन तुमाला."

सगळ्यांनी माना हलवल्या. न्हाव्यानं सुद्धा.

विलास, मी आता काय म्हणू तुला? दूधवाल्याला माहीत. न्हाव्याला माहीत. आपल्यावर कुत्रं सोडणाऱ्या माणसाला तुझ्या छातीतलं दुखणं माहीत, आणि मला नाही? मला का नाही सांगितलंस, ते मला माहीत आहे. मी सायकलला कुलूप घातलं असतं. तुला कानाला धरून सोलापूरला नेलं असतं. होय, केलं असतं! भंगारात घातली असती ती सायकल. तू घरी बसला असतास, बिनमिठाचं खाल्लं असतंस, माझ्या नावानं बोटं मोडली असतीस आणि आज जिवंत असतास. तुला ते नको होतं. तुला रविवार पाहिजे होते. बरं, घेतलेस तू तुझे रविवार. पण त्या रविवारी मी पुढून तुला म्हातारा म्हणून ओरडत होते आणि तू मला ओरडू दिलंस. हसत होतास. ह्याची मी तुला माफी देणार नाही. कितीही कावळे येऊ देत.

आणि लोकांना माझ्या मागं लावलंस? लांबून बघायला? मी काय मेंढरू आहे? तीस वर्षं मी भरल्या गाडीत बाप्यांना खाली उतरवत आलेय, आणि माझ्यावर ध्यान ठेवायला तू न्हावी नेमलास.

हे सगळं मी मनात बोलत होते, तेवढ्यात मागून मंदाचा आवाज आला. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. सगळं ऐकलं होतं तिनं.

"मला पण नाही सांगितलं," ती म्हणली. एवढंच. मग भरावाकडं बोट करून म्हणली, "अक्का, हा रस्ता कुठं जातो?"

मेंढरांना दाखवलास, हवालदाराला दाखवलास. बायकोला नाही दाखवलास रे. दर रविवारी ती पाचला उठून तुझा डबा करायची आणि तो डबा कुठं बसून खाल्ला जातो, हे तिला माहीत नव्हतं. मीही तोच डबा खाल्ला. माझ्याही डोक्यात आलं नाही कधी, तिला विचारावं. पण नवरा तू होतास.

क्लबवाले काल पुन्हा आले होते. त्यांना मी सांगितलं, रस्ता बंद नाही, लपवलेला पण नाही. ज्याला यायचं त्यानं एकट्यानं यावं, इंजिन घरी ठेवून, आणि मला किंवा नामदेवकाकांना विचारावं. आम्ही एकेकाला घेऊन जाऊ. फ्लेक्स नाही, स्पीकर नाही, तुझं नाव नाही. अध्यक्षांचं तोंड पडलं. तुझं म्हणणं खरं ठरलं, रस्ता पायाखाली राहिला म्हणून राहिला. माझंही खरं ठरलं, त्यावर एक जीप आली नाही. पण तू शपथ मोडून खरा ठरलास, तेव्हा उगाच छाती फुगवू नकोस.

तेराव्यानंतरच्या रविवारी मंदा माझ्या दारात आली, तुझी सायकल हातात धरून. तिला चालवता येत नाही. म्हणली, चालत जाऊ. मी माझी सायकल घरीच ठेवली. खदानीमागून पाणंद, पाणंदीतून भराव. ती तुझ्या सायकलच्या हॅंडलला धरून चालत होती, मी शेजारून. पहिल्या मोरीपाशी मी म्हणले, आता उचलावी लागेल. आम्ही दोघींनी मिळून उचलली, उतरलो, चढलो. मंदाला दम लागला. तिनं सगळीकडं बघितलं. पुढं भराव, मागं भराव, दोन्ही अंगाला रान.

"इथं कुणी येत नाही?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"ऐकू पण जात नाही कुणाला?"

"नाही."

तिनं तुझी सायकल दोन्ही हातांनी खडीत आपटली. पंचवीस वर्षं "अहो"च्या पलीकडं न गेलेली बाई, गल्लीत आवाज जाईल म्हणून तुझ्या प्रेतापुढंही तोंडात पदर कोंबून रडलेली बाई, ती पूर्ण गळा काढून ओरडली. "विलास! भाड्या! मला का नाही सांगितलंस?" तित्तर उडाले. तिनं पुन्हा तुझं नाव घेतलं. मग पुन्हा. मग तुला अशा शिव्या दिल्या की मी एवढी वर्षं एसटीत काढून त्यातल्या निम्म्या ऐकल्या नव्हत्या. मी तिला थांबवलं नाही. लांबवर बांधावर नामदेवकाका दिसले, माझ्यावर ध्यान ठेवायला आले असतील. मी त्यांना हातानंच मागं फिरा म्हणलं, आणि ते फिरले.

नंतर आम्ही खडीत बसलो. तिनं डबा काढला, मला दिला, स्वतः घेतला. जेवून झाल्यावर हात पुसत म्हणली, पुढच्या रविवारी परत यायचं. तिचं अजून संपलेलं नाही.